कपाटावरच्या दांड्या

सहा फुटी हेमांगी कायम पोक काढून चालायची. बसमध्ये नेता येईल अशी स्वस्त घडीची सायकल घ्यायला ती गेली. बसून पाहिलं, तर गुडघे हँडलला टेकले.

"सायकलची घडी होते ताई, तुमची कशी करायची?" दुकानदार कर्णिक म्हणाले. सगळं दुकान हसलं. "सीटची लांब दांडी लागेल. तिचे चार हजार वेगळे."

शरमेने डोळ्यांत आलेलं पाणी ओघळू नये म्हणून तिने मान वर केली. कपाटाच्या माथ्यावर लांब दांड्यांचा गठ्ठा होता. त्यावर चिठ्ठी होती, 'सायकलसोबत मोफत'.

तिने हात लांबवून एक सहज उचलली.

"काका, या लपवल्यात कुणापासून? उंच गिऱ्हाइकापासून. आणि ठेवल्यात कुठे? उंचावर!"

कर्णिक मान खाली घालून दांडी बसवू लागले.