पट्टीतली खिडकी

खूप खूप वर्षांमागे, विणकरांच्या एका गावात एक गुरुजी होते. माणूस मायाळू, पण मोठा हट्टी. दसऱ्याला पाटीपूजन झालं की प्रत्येक मुलानं पोथीतली एक ओळ वाचायची, अशी त्यांच्या शाळेची रीत होती. ज्याला जमेना, त्याची पाटी ते सर्वांदेखत पालथी घालत. ते मूल पुन्हा शाळेत येत नसे.

एका वर्षी पाटी पालथी होण्याची पाळी येसूची, असं सारं गाव धरून चाललं होतं. विणकराची ही पोर ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगे, पण पोथी समोर आली की गप्प.

"अक्षरं एका जागी थांबतच नाहीत, गुरुजी," ती म्हणे.

"अक्षरांना काय पाय फुटलेत? नाचता येईना, अंगण वाकडं!" गुरुजी म्हणत, आणि पोरं हसत.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, येसूला वाचन जमायचं नाही, हे गुरुजी तिच्या बापाला समजवायला गेले. बाप घरी नव्हता. येसू मागावर ताणलेल्या धाग्यांतला तुटका धागा शोधत होती.

"किती धागे गं हे?"

"मोजा ना, गुरुजी."

गुरुजी वाकले. विसापर्यंत पोचले आणि धागे एकमेकांत मिसळले. पुन्हा मोजले, पुन्हा चुकले. डोळ्यांना पाणी आलं.

येसूनं धाग्यांवर विणकरांची मोजणीची लाकडी पट्टी ठेवली. पट्टीच्या मधोमध बोटभर खिडकी कोरलेली होती. "सगळे एकदम नका बघू. खिडकीत दिसतात तेवढेच मोजा."

आता मोजणी बिनचूक झाली.

"मघाशी धागे हलत होते का गं?"

"नाही, गुरुजी. तुम्हाला तसं दिसलं." मग ती हळूच म्हणाली, "मला अक्षरं तशीच दिसतात."

गुरुजी खजील झाले. या पोरीचं आपण सर्वांपुढे हसं केलं, हे त्यांना फार लागलं.

दसऱ्याला त्यांनी तीच पट्टी पोथीवर ठेवली. येसू खिडकीतून एकेक अक्षर वाचत गेली. वेळ बराच लागला, पण ओळ पुरी झाली, आणि तिला रडूच फुटलं.

संध्याकाळी गाव सोनं वाटायला निघालं. गुरुजी मात्र आपट्याची पानं घेऊन मोजक्या सात घरी गेले. आजवर सात पाट्या त्यांनी पालथ्या घातल्या होत्या. प्रत्येक घरी मागाशेजारी तशीच पट्टी टांगलेली होतीच. सातव्या घरचा मुलगा तर आता दोन लेकरांचा बाप झाला होता. गुरुजींनी त्याच्यापुढे हात जोडले.

"चूक माझी होती. उद्या येशील?"

दुसऱ्या दिवशी तो आपल्या लेकरांशेजारी मांडी घालून बसला. गुरुजींनी त्याची पाटी स्वतःच्या हातांनी सुलटी केली.

तात्पर्य : मुलाची पाटी पालथी घालण्याआधी, पोथी एकदा त्याच्या डोळ्यांनी पाहावी.