बॅटरी कोणी उतरवली?

गाडी करडी होती की पांढरी, हे सिद्रामला आता नक्की आठवत नाही. दूधसंघाच्या चेअरमनसाहेबांच्या त्या जुन्या गाडीची बॅटरी रोज उतरायची, आणि साहेब ड्रायव्हर सिद्रामलाच धरायचे. "रात्री दिवे चालू ठेवतोस. पुन्हा गाडी बंद पडली की तुझी नोकरी गेली."

गॅरेजवाल्या दस्तगीर मिस्त्रींनी बॅटरी भरून रात्रभर स्वतःच्या घरी ठेवली आणि सकाळी बसवली. दुपारी सिद्राम साहेबांना घेऊन परतताना गाडी गॅरेजसमोरच बंद पडली.

"बघा मिस्त्री, याचे प्रताप."

"साहेब, रात्री बॅटरी माझ्या उशाशी होती. सकाळपासून गाडीत तुम्ही होता. मग दिवे कोणी जाळले? बॅटरी भरणारा डायनॅमो मेलाय, आणि तुम्ही माणूस बदलायला निघालात."

साहेब चुकलो म्हणाले नाहीत. निवृत्तीच्या वेळी सिद्रामने स्वतःची फाईल उघडली. आत, मिस्त्रींनी बॅटरी बसवली त्याच सकाळची तारीख घातलेला, कधीच न बजावलेला बडतर्फीचा हुकूम होता, साहेबांच्या सहीसकट.