गायवाघ तळ्याची घागर

बसा त्या पायरीवर, पण पाण्यात पाय सोडू नका. आज जत्रा आहे, अजून घागर भरायची आहे. हे गायवाघ तळं. समोरच्या दगडात बघा, एकाच पाण्याला तोंड लावलेली गाय आणि वाघ. लोक फोटो काढतात नि चालू पडतात. गोष्ट कोण विचारतो?

फार पूर्वी इथे मैराळदेव नावाचा न्यायी राजा होता म्हणे. रेवणभट कवीने त्याच्यावर ओव्या रचल्या. बारा वर्षं लागली. शेवटच्या ओवीत असं की, या तळ्यावर गाय आणि वाघ शेजारी शेजारी पाणी पितात, असं मैराळदेवाचं राज्य. आणि गंमत म्हणजे, रेवणभटाने तळं कधी पाहिलंच नव्हतं! घरी डोळे मिटून बसला की सगळं दिसायचं त्याला.

ओव्या ऐकायला राजा इथेच आला. सकाळचं धुकं पाण्यावर उतरलेलं. गाता गाता रेवणभटाला त्या धुक्यात खरोखरच गाय दिसली, वाघ दिसला, असं सांगतात. त्याचा ऊर भरून आला. आता फक्त राजाचं नाव घ्यायचं उरलं होतं.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारी ओरडली, "कवीबाबा, वाघालासुद्धा पाणी पाजलंत, मग आम्हीच कुणाचं घोडं मारलंय?"

ती खालच्या वस्तीतली येसाई, हातात रिकामी घागर. तिच्या लोकांना पायरी उतरायची बंदी होती. वरून कुणी ओतलं तरच पाणी मिळायचं.

राजाने कवीला विचारलं, "भटजी, तुम्ही स्वतः पाहिलंत का हो ते?"

हो म्हटलं असतं तर सोन्याचं कडं हातात होतं. बारा वर्षांची ओवी!

"नाही महाराज," तो म्हणाला. "मी नुसतं रचलं."

आणि नाव न घेताच तो उठला. येसाईचा हात धरून पायऱ्या उतरू लागला. लोक पुढे धावले, तेव्हा राजाच आडवा उभा राहिला आणि बंदी तिथल्या तिथे उठवली. येसाईने घागर बुडवली. "भरली," ती म्हणाली. "घ्या आता त्याचं नाव."

आजही जत्रेत गाणारा त्या ओवीशी थांबतो. खालच्या वस्तीतली बाई "भरली" म्हणते, मगच राजाचं नाव. माझ्या आजोबांच्या काळात एका वर्षी गावाने तिला अडवलं होतं. गाणारा तसाच उठून गेला. वर्षभर राजा बिननावाचा राहिला.

ती बघा, आली घागर घेऊन. सरका जरा, वाट द्या तिला.