गुणाजीने थांबवलेली डोली

घाटातून मोटार धावायला लागली त्याच्या किती आधीची ही गोष्ट, हे माळवंडीत आज कुणालाच नक्की सांगता येत नाही. कुणी शंभर वर्षं म्हणतं, कुणी दीडशे. फार वर्षांपूर्वी, एवढंच धरून आपण पुढे जाऊ.

माळवंडी हे ऐन कड्यावरचं गाव. गावाच्या मावळतीला जमीन संपते आणि खाली कोकण दिसतं. कड्याला एक उभी चीर आहे, तिला कोंडनाळ म्हणतात. तेव्हा गावातल्या बाया डोक्यावर हिरड्याच्या पाट्या घेऊन या नाळेतून कोकणातल्या बाजाराला उतरायच्या आणि मीठ, सुकट घेऊन दुसऱ्या वाटेने, दोन दिवसांचा वळसा घालून परत यायच्या. नाळ अरुंद. एकदा आत पाय टाकला की ओझं टेकवायला जागा नाही आणि मागे वळायलाही नाही. अर्ध्यावर खोबण्यांचा टप्पा. कातळात कुणी जुन्या माणसाने पावलापुरत्या कोरलेल्या खोबण्या, आणि बाजूला खोल दरी.

अंधारात तिथे पाय ठरत नसे. मग मशाल का नेत नव्हते? तर त्या कड्याला आग्या माश्यांची पोळी लोंबत. नाळेत धूर झाला किंवा जाळ दिसला की माश्या उठत, आणि उठलेल्या माश्यांपुढे माणूस काय, बैलही टिकत नसे. दिवस वर आला तरी माश्या उठायच्याच. तेव्हा उजाडताना, खोबण्या दिसू लागाव्यात आणि माश्या अजून निजलेल्या असाव्यात, एवढ्याच वेळात तो टप्पा उतरायचा. ही वेळ साधायला गावाकडे एकच घड्याळ होतं, शुक्राची चांदणी. ती गावाच्या उगवतीला असलेल्या भैरोबाच्या टेकडीवर आली की निघायचं. शुक्र पहाटेचा नसेल त्या महिन्यांत नाळ बंद.

या गावात गुणाजी नावाचा माणूस राहत होता. तरुणपणी तो मोजणीवाल्यांच्या टोळीत साखळी ओढायला होता. टोळीचा साहेब एकदा तापाने फणफणला, तेव्हा गुणाजीने त्याला पाठीवर बांधून याच नाळेतून खाली नेलं, असं म्हणतात. साहेबाने जाताना त्याला आपली पितळी दुर्बीण दिली आणि आकाशातल्या दोन गोष्टी शिकवल्या. गुरू आणि शुक्र साध्या डोळ्यांना सारखेच दिसतात. पण दुर्बिणीतून गुरूच्या बाजूला चार बारीक दिवे एका ओळीत दिसतात, एखादा लपला तर तीन. शुक्र मात्र एकटा असतो.

गुणाजीने दुर्बीण घोंगडीत गुंडाळून माळ्यावर ठेवली. शिकवलेलं त्याला पाठ होतं. पाठ असलेली गोष्ट पुन्हा कशाला पाहायची, असं त्याला वाटत असे.

एका मार्गशीर्षात त्याची बायको ठकू तिघीजणींबरोबर बाजाराला निघाली. टेकडीवर ठळक चांदणी आली होती. ठकूने पाटी उचलता उचलता विचारलं, "अवो, चांदणी आलीया न्हवं?"

गुणाजीने घोंगडीतून डोकं बाहेर काढलं आणि म्हटलं, "आली की. शुक्रच हाय."

"एवढी पितळंची नळी घरात ठेवलीया. बघा की एकदा."

"शुक्र वळखाया नळी कशाला? मी काय आंधळा हाय?"

"आंधळं न्हाई, आळशी हायसा," असं म्हणून ठकू हसली आणि बाया निघाल्या.

गुणाजी पुन्हा निजला नाही. तो उजाडायची वाट पाहत बसला, आणि उजाडेना. चांदणी चांगली वर चढली तरी पूर्व काळीच. त्याने माळ्यावरून दुर्बीण काढली, परसात शेवग्याच्या बेचक्यात टेकवली आणि डोळा लावला. चांदणीच्या बाजूला चार बारीक दिवे होते, एका ओळीत.

तो अनवाणी पळत सुटला. नाळेच्या तोंडाशी पोचला तेव्हा खालून आवाज येत होता. हिरडे कातळावरून खडखडत खाली चालले होते, आणि तो खडखडाट फार वेळ थांबला नाही. बाकीच्या तिघी उजाडेपर्यंत कातळाला चिकटून उभ्या राहिल्या आणि वाचल्या. ठकू वाचली नाही.

त्यांतली एक पुढे सांगायची, "गुणाजीदादानं शुक्र म्हटला आन् आमाला बी शुक्रच दिसला."

त्या दिवसानंतर गुणाजीने कुठलीही गोष्ट ठामपणे सांगितली नाही. पाऊस येईल का, असं विचारलं तर तो म्हणायचा, "बघाया पायजे." पण शुक्र पहाटेचा असला की तो परसात असायचाच. थंडी असो, धुकं असो. डोळा लावायचा, काढायचा, धुवायचा, पुन्हा लावायचा. बाया कुंपणापाशी पाट्या घेऊन उभ्या राहायच्या आणि कुरकुरायच्या.

"तात्या, चांदणी म्हातारी झाली, आता तरी सांगा."

"ही नवरी बघतायत का चांदणी बघतायत, काय कळंना."

तो ऐकून घेई आणि पुन्हा डोळा लावी. त्याने 'जा' म्हटल्याशिवाय नाळेत कुणी पाऊल टाकत नसे. अशी तीस वर्षं गेली आणि तीस वर्षांत नाळेने एकही माणूस घेतलं नाही. चांदण्या उगवायच्या आधी त्याला विचारून जातात, असं लोक म्हणू लागले. त्याला मात्र ते ऐकून भीती वाटे.

कारण एक गोष्ट त्याने कुणाला सांगितली नव्हती. त्याच्या डोळ्यांवर पडदा येत होता. एका चांदणीच्या सहा-सात चांदण्या दिसत. त्यातले गुरूचे दिवे कुठले आणि त्याच्या डोळ्यांनी लावलेले कुठले, हे त्याला कळेनासं झालं होतं. अंधारात धाडण्यापेक्षा बरं म्हणून गेले काही बाजार त्याने उशिराच पाठवले होते, देवाचं नाव घेऊन.

अशात पुन्हा मार्गशीर्ष आला. शेजारच्या सगुणाची सून पारू दोन दिवस अडली होती. गावच्या सुइणीने हात टेकले. खाली कोकणात एक सुईण होती, अडलेली बाई सोडवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पारूला डोलीत घालून नाळेतून न्यायचं ठरलं. वळशाच्या वाटेने दोन दिवस लागले असते, आणि पारूकडे दोन दिवस नव्हते.

डोली गुणाजीच्या कुंपणाशी आली. टेकडीवर ठळक चांदणी होती. पारूचं कण्हणं परसापर्यंत ऐकू येत होतं. सगुणाचा मुलगा ओरडला, "तात्या, लवकर सांगा!"

गुणाजीने डोळा लावला. त्याला सात दिवे दिसले. डोळा धुऊन पुन्हा लावला, तर पाच. तो दुर्बिणीपासून मागे सरला आणि कुंपणाकडे वळला. असं म्हणतात की त्या वेळी त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता.

"मला दिसत न्हाई," तो म्हणाला. "लई दिस झालं, दिसत न्हाई. मी सांगितलं न्हाई."

मग डोलीवाल्यांतला एकजण पुटपुटला, "मग इतकं दिस आमी कुणाच्या भरवशावर उतरत हुतो?"

"देवाच्या," गुणाजी म्हणाला. "आज तुमी बघा. पर एकेकटं. बघितल्यालं माझ्या कानात सांगा, दुसऱ्याला ऐकू जाऊ देऊ नका. एकानं बोललं की दुसऱ्याला बी त्येच दिसतं. मला ठावं हाय."

डोलीबरोबर आलेल्या बायांपैकी तिघींना त्याने बोलावलं. पहिली पाहून आली आणि कानाशी लागून म्हणाली, "एकटीच हाय." दुसरीही म्हणाली, "एकटी." तिसरी सगुणा. सून तिची, नातवंड तिचं. तिने 'एकटी' म्हटलं असतं तर डोली त्याच क्षणी उचलली गेली असती. तिने डोळा लावला, बराच वेळ लावून ठेवला, आणि गुणाजीच्या कानाशी येऊन म्हणाली, "भावजी, मला नीट दिसलं न्हाई. समदं पांढुरकं दिसतंय."

गुणाजीने दुर्बिणीच्या तोंडावरून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. काचेवर दव धरलं होतं. त्याने धोतराच्या सोग्याने काच कोरडी केली आणि म्हटलं, "पुन्हा बघा."

या वेळी पहिली कानाशी आली आणि म्हणाली, "चार दिवं हायती." दुसरी म्हणाली, "चार." सगुणा म्हणाली, "एका बाजूला तीन, एका बाजूला एक."

"गुरू हाय," गुणाजी म्हणाला. "डोली खाली ठेवा."

सगुणाचा मुलगा त्याच्या अंगावर धावून आला. "ती मरंल हितंच!"

"नाळंत गेली तर चौघं खांदेकरी घेऊन मरंल," सगुणा मुलाला म्हणाली. "बस खाली."

आणि सगळे बसले. ते बसणं माळवंडीत आजही सांगितलं जातं. पारूचं ओरडणं हळूहळू बारीक होत गेलं. सगुणा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि एकदाही आकाशाकडे पाहत नव्हती. गुणाजी शेवग्याला धरून उभा होता. आपण दुसऱ्यांदा एका बाईला मारतो आहोत का, एवढंच त्याच्या मनात होतं. म्हटलं असतं 'जा', तर निदान सगळे मिळून चुकले असते. थांबवणारा तो एकटा होता.

मग टेकडीच्या मागून दुसरी चांदणी वर आली. पहिलीहून लख्ख. तिघींनी एकेकटीने पाहिलं आणि तिघींनी एकच सांगितलं. एकटी आहे, आणि चंद्राच्या कोरीसारखी.

"जा," गुणाजी म्हणाला.

डोली नाळेत शिरली. पुढचं लोक जसं सांगतात तसं सांगतो. खोबण्यांशी पोचेपर्यंत पावलापुरता उजेड झाला. पण डोली उभी धरून, दोर लावून, एकेका खोबणीवरून उतरवायला फार वेळ गेला, नेहमीच्या तिप्पट. तेवढ्यात दिवस वर यायला हवा होता. तो आला नाही. सूर्य त्या दिवशी भैरोबाच्या टेकडीमागे अडून राहिला, असं म्हणतात. माश्यांची पोळी डोलीपासून हातभरावर होती आणि त्यातली एकही माशी हलली नाही. शेवटचा खांदेकरी सपाटीवर उतरला आणि मग एकदम ऊन पडलं.

पारू वाचली. मूलही वाचलं.

गुणाजी त्यानंतर फार दिवस जगला नाही. तो गेला त्या पहाटे आकाशातल्या सगळ्या चांदण्या परसातल्या शेवग्यावर उतरल्या होत्या असं काहीजण सांगतात. सगुणा तेव्हा तिथे होती. ती म्हणायची, "तसलं काय न्हवतं. नेहमीसारखी पहाट हुती. त्यो एवढंच म्हणाला, ठकूला सांगाया कायतरी झालं."

आता नाळेतून कुणी जात नाही. मोटारीचा रस्ता झाला, नाळेचं तोंड करवंदीने बुजलं. दुर्बीण कुठे गेली तेही माहीत नाही. पण माळवंडीत एखादी मोठी गोष्ट ठरवायची असली, पोरीला स्थळ पाहायचं, विहिरीला जागा धरायची, आजाऱ्याला कुठे न्यायचं, तर तीन माणसं निवडतात. तिघं एकेकटे जाऊन पाहतात आणि गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या कानात सांगतात. याला तिथे 'गुणाजीला सांगणं' म्हणतात. तिघांचं एक आलं तरच काम पुढे जातं.

आणि त्या तिघांपैकी कुणी म्हणालं, "मला नीट दिसलं नाही," तर त्याला कुणी हसत नाही, कुणी घाई करत नाही. सगळे आहेत तिथे खाली बसतात.