मरळ, बगळा आणि सोडून देण्याचा खेळ

उत्तरेकडे डोंगर संपून सपाटी सुरू होते, तिथल्या एका अफाट सरोवरात, काठच्या लव्हाळ्याच्या आडोशाने, एक मरळ आपली पिल्ले घेऊन राहत असे. पिल्ले पाच-सहाशे होती, एकेक फार तर भाताच्या शिताएवढे, आणि रंगाने लालभडक. त्यांच्या बापाला मागच्याच आठवड्यात पाणमांजराने नेले होते. तेव्हापासून मरळ एकटीच राखण करत होती.

मुलांनो, मरळ हा काही देखणा मासा नाही. तोंड सापासारखे, अंगावर काळपट पट्टे. तिचे चित्र कुणी भिंतीवर लावत नाही. पण बहुतेक मासे अंडी घालून चालते होतात, तशी मरळ होत नाही. पिल्ले मोठी होऊन, लाल रंग जाऊन, आपापल्या वाटेने पांगेपर्यंत ती त्यांच्या खाली हातभर अंतरावर उभी असते. त्या दिवसांत ती धड खातही नाही. जवळ येईल त्याच्या अंगावर धावून जाते, मग तो बेडूक असो, साप असो, नाहीतर तिच्या दुप्पट मोठा मासा असो. एवढे एकच काम तिला येते आणि ते ती जीव तोडून करते.

मरळीची एक अडचण मात्र असते. नुसत्या पाण्यातल्या श्वासावर तिचे भागत नाही. मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यावा लागतो. पिल्लांचेही तसेच. सगळी पिल्ले एकदम वर आली की तेवढ्या जागी पाणी लाल होऊन उकळल्यासारखे दिसे. लव्हाळ्यात अंग दडवता येत होते, श्वास दडवता येत नव्हता.

आणि नेमकी हीच खूण होडीतली माणसे शोधत असत.

ही माणसे पोटासाठी मासे धरणारी नव्हती. ती लांबून मोटारींनी येत. त्यांच्याकडे महागाच्या काठ्या होत्या, काळे चष्मे होते आणि खिसेच खिसे असलेली जाकिटे होती. मासा गळाला लावायचा, दमवायचा, होडीत घ्यायचा, मोजायचा, त्याच्यासोबत फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा, असा त्यांचा खेळ होता. सोडून देतो, या गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. काठावर तशी पाटीसुद्धा होती.

एका सकाळी होडीचा आवाज ऐकून मरळ पिल्लांभोवती घिरट्या घालू लागली. उथळ पाण्यात बगळा उभा होता. तो गोड आवाजात म्हणाला, "वहिनी, एवढ्या कशाला घाबरता? सज्जन माणसं आहेत हो. इथं नियमच आहे, धरायचं आणि सोडायचं. मी रोज त्यांच्या होडीमागे असतो. एक मासा मेलेला दाखवा, मी उद्यापासून चोच धुऊन ठेवीन."

शेजारच्या ओंडक्यावर एक म्हातारे कासव ऊन खात पडले होते. त्याने मान बाहेर काढली. "बगळेराव, तुम्ही रोज होडीमागे कशाला असता?"

"असंच. मोकळी हवा."

"काठभर हवा पडली आहे. होडीमागेच बरी मिळते?"

"म्हातारबुवा, तुम्हाला कुणाचं चांगलं बघवतच नाही," असे म्हणून बगळ्याने पंख झटकले आणि तोंड फिरवले.

कासव हळूच पाण्यात उतरले आणि मरळीजवळ आले. "पोरी, ऐक. वरून काहीही पडू दे, तोंड लावू नकोस. बेडूक दिसला तरी तो बेडूक नसतो. रबराचा असतो. पोटाखाली दोन गळ असतात."

"मला भूक नाही, आजोबा," मरळ म्हणाली. "मी कशाला खाऊ?"

"खाशील म्हणून सांगत नाही. मारायला धावशील म्हणून सांगतोय."

 मरळीला ते कळले होते. पण तिचे लक्ष वर होते, कारण पिल्ले श्वासाला निघाली होती.

पाणी लाल झाले. होडीतून कुणीतरी ओरडले, "ते बघ! पिल्लं! खालीच आई असणार!"

पहिला बेडूक पडला तो चार हातांवर. मरळीचे अंग ताठ झाले, पण ती हलली नाही. "शाब्बास," कासव पुटपुटले. दुसरा बेडूक पिल्लांच्या कडेने फडफडत गेला. पिल्ले बिचकून एकमेकांवर आदळली. तरी मरळीने तोंड घट्ट मिटून धरले. तिला वाटले, आता जातील. आता कंटाळून जातील.

तिसरा बेडूक बरोबर पिल्लांच्या मधोमध पडला.

मग तिला कासवाचे शब्द आठवले नाहीत, गळ आठवला नाही, काहीच आठवले नाही. आपल्या लेकरांत कुणीतरी शिरले, एवढेच तिला दिसले. तिने झेप घेतली आणि त्या बेडकावर जबडा मिटला. त्याच क्षणी तिच्या ओठातून काहीतरी आरपार गेले आणि अवघे सरोवर तिला एका बाजूला ओढू लागले.

ती खूप झगडली. तिच्या त्या झगडण्याला होडीत टाळ्या पडत होत्या. "काय ताकद आहे रे!" "ढील दे, ढील दे! दमू दे तिला!" ती दमली. मग दोन हातांनी तिला उचलून होडीत घेतले. कोरड्या फडक्याने तिचे अंग पुसले, कारण ती हातातून निसटत होती. पट्टीवर निजवून तिची लांबी घेतली. मग त्यांच्यातल्या एका चष्मेवाल्याने तिला छातीशी धरून वर केले आणि तो हसला.

वर धरल्यामुळे मरळीला लव्हाळे दिसले.

लव्हाळ्यात बगळा चालत होता. घाई नव्हती त्याला. एक पाय उचलायचा, पुढे टाकायचा, मान खाली, मान वर. मान खाली, मान वर. त्याच्या आजूबाजूला लहान-मोठे मासेही जमले होते आणि पाणी ढवळून निघाले होते. राखायला कुणी नाही हे तिथे सगळ्यांना कळले होते. पिल्ले मात्र आईला शोधत वर येत होती, आणि वर आली की दिसत होती.

मरळीने सगळे अंग पिळवटून उसळी मारली.

"बघ बघ, किती उत्साह!" चष्मेवाला म्हणाला. "काढला का?"

"काढला, पण तुझे डोळे मिटले."

"मग परत काढ ना. आणि टोपी सरळ कर माझी."

परत काढला. मग तिसऱ्या माणसालाही तिच्यासोबत फोटो हवा होता. तो तिच्या कपाळाला ओठ लावून बसला. तिकडे बगळ्याची मान खाली जात होती आणि वर येत होती. मुलांनो, मी हे रागाने सांगतो आहे, हे तुम्हाला जाणवत असेल. जाणवू द्या. त्या होडीत कुणीही दुष्ट नव्हते. कुणीही एकदा मान वळवून मागे पाहिले असते, तरी पुरे होते. पण सगळ्यांची तोंडे कॅमेऱ्याकडे होती.

शेवटी चष्मेवाल्याने तिला अलगद पाण्यात धरले आणि सोडले. "जा बाई, सुखात राहा!" पुन्हा टाळ्या झाल्या. होडी पुढच्या लव्हाळ्याकडे वळली.

मरळ वाकडीतिकडी पोहत परत आली. दोनदा तिची वाट चुकली, कारण जागा ओळखायची तिची खूण म्हणजे तो लाल ढग, आणि तो तिथे नव्हता. पाणी स्वच्छ होते. खालचा वाळूचा कण न् कण दिसत होता.

बगळा एका पायावर उभा होता. त्याची मान जड झाली होती. "आलात वहिनी? मी म्हटलं नव्हतं? साधं खरचटलंसुद्धा नाही. उगाच म्हातारबुवांनी घाबरवलं तुम्हाला."

"तुझा गळा कशाने फुगलाय रे?" मरळीने विचारले.

 बगळा दोन ढांगा मागे सरला आणि होडी गेली होती त्या दिशेने उडाला.

लव्हाळ्याच्या मुळाशी, चिखलात, कासव पाय ताणून बसले होते. त्याच्या मानेवर चोचीचे दोन ओरखडे होते. "पोरी," ते म्हणाले, "माझी चाल तुला माहीत आहे. तुला ओढलं तसा तुझ्यामागे निघालो होतो; परत पोचलो तेव्हा निम्मी संपली होती. पोटाखाली जेवढी मावली तेवढी घेतली. एकोणीस आहेत."

"पाणमांजराने यांच्या बापाला नेलं," मरळ हळू आवाजात म्हणाली, "तेव्हा ते भुकेलेलं तरी होतं, आजोबा. त्या होडीतल्यांना कशाची भूक होती?"

 कासवाने अंग उचलले. पाठीच्या ढालीखालून एकोणीस लाल ठिपके एकेक करून बाहेर आले.

मरळ धावली. तिने त्यांच्याभोवती वेढा घातला, नेहमी घालायची तसाच. पण तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसला गेला होता आणि त्यासोबत तिचा वासही. आता तिच्या अंगाला माणसाच्या तळहाताचा, साबणाचा, रबराचा वास होता. फाटक्या ओठातून रक्ताची रेघ पाण्यात उतरत होती. पिल्लांनी एकदाच तिच्याकडे पाहिले आणि घाबरून, एकमेकांना ढकलत, ती परत कासवाच्या पोटाखाली शिरली.

मरळ जागच्या जागी थांबली.

"अगं, लहान आहेत," कासव म्हणाले. "वास जाईल. मग ओळखतील."

"कधी?"

"ते मला माहीत नाही, पोरी."

मरळ एक हात मागे सरकली. पिल्ले बाहेर यायला तयार होईनात, म्हणून आणखी एक हात सरकली. मग तेवढ्या अंतरावर, त्यांना दिसणार नाही अशा जागी, गवताआड राहून ती राखणीला उभी राहिली. दूर पाण्यावर होडीतली माणसे एकमेकांना फोटो दाखवत होती आणि आज एकाही माशाला इजा झाली नाही, असे समाधानाने म्हणत होती.

तात्पर्य : कुणाला धरून जिवंत सोडले, एवढ्यावर आपण कुणाचे काही बिघडवले नाही असे समजू नये; तो आपल्या हातात असताना त्याच्या भरवशावर जगणाऱ्यांचे काय झाले, ते आधी पाहावे.