पंधराचा आकडा

"...आणि समजा ब्याण्णव टाकले, तर?"

पद्मजानं मोबाईल वस्तादांच्या नाकासमोर धरला होता.

सत्याप्पा वस्ताद बार पुसत होते. बार म्हणजे लोखंडी दांडा. दोन्ही टोकांना वजनाच्या चकत्या चढवायच्या आणि जमिनीवरनं उचलून डोक्यावर न्यायचा. हा पोरींचा बार होता, पंधरा किलोचा. दोन लाकडी ठोकळ्यांवर आडवा ठेवून वस्ताद त्याला रॉकेलचं फडकं मारत होते. मोबाईलकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"टाक की. मला कशाला विचारतीस?"

तिनं टाकले. पडद्यावर एक दांडा उमटला आणि त्याच्या टोकाला रंगीत चकत्या टकाटका येऊन बसल्या. लाल पंचवीस किलोची, हिरवी दहाची, मग अडीचची, शेवटी एकाची.

"दोन्ही बाजूंना एवढंच लावायचं. बघा! बारचं वजन वजा करायचं, उरलं त्याचं अर्धं करायचं आणि मोठ्या प्लेटपासून खाली उतरत यायचं. पोरींना आता गणितं करत बसायला नको."

"पोरी कुठं गणितं करत्यात? वरडून इचारत्यात."

"कुणाला?"

"मला."

"मग तुमचा घसा तरी वाचेल."

"वाचवून काय करू? भजन म्हणू?"

पद्मजा खळखळून हसली. पुण्यातल्या तिच्या ऑफिसात हे हसणं कुणी ऐकलेलं नव्हतं. तिथं ती दात न दाखवता हसायची, पगारी माणसं हसतात तशी.

सांगलीकडच्या त्या गावात तेलगिरणीच्या मागं ही पत्र्याची तालीम. उन्हाळ्यात भट्टी, हिवाळ्यात बर्फाचा कारखाना. पद्मजा चौगुले इथंच वाढली. चौदाव्या वर्षी आली ती काडीसारखी, आणि पुढं राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेली. तिथं ब्याण्णव किलो तिनं खांद्यावर घेतले. खांद्यावरनं वर फेकले. दोन्ही हात सरळ झाले...

आणि डावा कोपर निसटला.

पापणी लवायच्या आत झालं सगळं. उचल मान्य झाल्याचे पंचांचे दिवे लागायच्या आधीच वजन तिच्या मागं धाडदिशी पडलं होतं.

कोपर बसवला, जुळला. पण हाड जुळायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्यात माणसाचं आयुष्य भलतीकडंच जुळून बसतं. शिक्षण झालं, नोकरी लागली, पुणं झालं, चौथ्या मजल्यावरचं घर झालं. सात-आठ वर्षं अशी गेली की विचारू नका.

कामाच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या मुठी टेबलाखाली आपोआप मिटायच्या. रस्त्यात कुठं इमारतीच्या कामावर कुणी सळया टाकल्या की तिची मान वळायची. प्लेट बारवर सरकताना एक आवाज येतो, खर्रर्र... खट. तो तिला झोपेत ऐकू यायचा. धडपडून उठून बसायची. कान देऊन ऐकायची, तर फ्रिज.

म्हणून मग तिनं मोबाईलमधलं हे यंत्र बनवलं. सुट्टीचा प्रत्येक दिवस त्यात घातला. तालमीतल्या एकूण एक प्लेटा आठवून आठवून त्यात भरल्या, कारण यंत्राला आधी सांगावं लागतं की बाबा, तुझ्याजवळ काय काय आहे.

"दहाच्या हिरव्या दोन जोड्या धरल्यात मी," ती म्हणाली.

"एकच हाय."

"दोन होत्या की!"

"हुत्या. एकीतली एक फुटली."

"कधी?"

"तू गेल्यावर."

पद्मजानं खाली मान घालून एक जोडी कमी केली. बोटाच्या एका टिचकीचं काम. तिला जरा जास्तच वेळ लागला.

वस्तादांनी फडकं उलटं केलं.

"हे सगळं तू पोरींसाठी केलंस?"

"हो."

"सगळं?"

"हो... म्हणजे तुमच्यासाठी पण."

"सत्तर टाक."

तिनं टाकले. चकत्या बसल्या.

"त्रेसष्ट."

बसल्या. एक चकती इकडची तिकडं नाही.

"ब्येस हाय," वस्ताद म्हणाले. "आता मघाचं ते. पैल्यांदा दाखवलंस ते."

"कुठलं?"

"कुठलं म्हणं! ठावं हाय तुला."

"ब्याण्णव? ते... ते असंच हो. उदाहरण म्हणून."

"उदाहरण."

घासात खडा लागावा आणि तो बाहेर काढावा, तसा तो शब्द वस्तादांनी तोंडातनं काढला.

"हात बघू."

तिनं पुढं केले. वस्तादांनी अंगठ्यानं तिचे तळवे दाबून बघितले. बोटांच्या मुळाशी जिथं पूर्वी चिंचोक्याएवढे घट्टे होते, तिथं आता काही नव्हतं.

"लोणी."

"वस्ताद!"

"कोपर सरळ कर."

तिनं केला. झाला सरळ.

"डॉक्टर काय म्हणतो?"

"कधीचाच म्हणतोय, सुरू कर म्हणून. हलकं हलकं."

"मग?"

"वेळच नाही हो मि..."

वस्तादांनी मोबाईलकडं बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच. एवढं सगळं ज्या सुट्ट्यांत झालं, त्या सुट्ट्या काही शेजारणीकडनं उसन्या आणल्या नव्हत्या.

ती बाकड्यावर बसली. वर पत्रा उन्हानं कडकडत होता.

"आमच्या सोसायटीत जिम आहे," ती हळूच म्हणाली. "आरसे, एसी, सगळं. दोनदा गेले मी. बारजवळ उभी राहिले... आणि परत आले."

"का?"

"किती लावावं तेच कळेना, वस्ताद."

एवढं एक मात्र खरं बोलली.

"मग इचार की तुझ्या यंत्राला."

"ते आपण आकडा टाकल्यावर सांगतं. आकडा आपला आपल्यालाच..."

"टाक," वस्ताद म्हणाले. "तुझा. आजचा."

पद्मजानं साठ टाकले. बघितले. पुसले.

पन्नास टाकले. पन्नासवर ती पूर्वी नुसतं अंग मोकळं करायची, गप्पा मारत मारत. पुसले.

चाळीस टाकले... चाळीसवर तर नव्या पोरी असतात. शाळेतल्या, दोन वेण्या घातलेल्या. पुसले.

पडदा कोरा झाला. तिचं बोट वरच्या वर तसंच राहिलं, गोगलगाईचं शिंग असतं तसं. पुढं जाईना, मागं येईना.

"आण हिकडं."

वस्तादांनी मोबाईल घेतला. त्यांचा अंगठा म्हणजे कुळवाचा दांडा, वर रॉकेलनं बरबटलेला. पहिल्या फटक्याला एकशेपंचावन्न उमटले. यंत्रानं निमूटपणे चकत्यांचा ढीग लावून दाखवला.

"आरं तिच्या! हे तर कितीबी लावून देतंय. उचलताना मरशील, असं म्हणत न्हाई."

"वस्ताद, पुसा ते. तिथं, खाली उजवीकडं."

त्यांनी पुसलं. मग लहान मूल गिरवतं तसं सावकाश, नखाच्या टोकानं दाबलं.

एक.

पाच.

पडदा लाल झाला. अक्षरं उमटली. वस्तादांचा चष्मा खिशातच होता, पण त्यांनी तो काढला नाही.

"काय म्हणतंय?"

पद्मजानं वाचलं. आवाज खाली गेला होता तिचा.

"चुकीचा आकडा... पुन्हा टाका."

"पंधरा चुकीचा?"

"म्हणजे असं आहे, वस्ताद, पंधरा तर नुसता बारच झाला. लावायला काही उरतच नाही. म्हणून मग मी तिथं..."

"कुणी लिवलं हे?"

"कुठलं?"

"चुकीचा आकडा."

"...मीच."

वस्ताद त्या लाल पडद्याकडंच बघत राहिले. बोलले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिलेल्या परवडतात. वस्तादांचं गप्प बसणं म्हणजे पाटीवर लिहून ठेवल्यासारखं असायचं आणि ज्याचं त्याला वाचावं लागायचं.

पद्मजाच बोलायला लागली, भराभरा.

"साधी चूक आहे. बारपेक्षा कमी असेल तर नको म्हण, एवढंच लिहायचं होतं. माझ्याकडून बारएवढं असलं तरी नको म्हण, असं झालं. एका चिन्हाचं काम आहे. द्या, आत्ता करून टाकते, दोन मिनिटं..."

तिनं हात पुढं केला.

वस्तादांनी मोबाईल सदऱ्याच्या खिशात टाकला.

"नंतर."

गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. बारचं एक टोक धरलं आणि दुसऱ्या टोकाकडं हनुवटीनं खूण केली. तिनं ते धरलं. दोघांनी तो मधल्या लाकडी फळ्यांवर नेऊन ठेवला.

वस्ताद बाजूला झाले. पायानंच पावडरचा डबा तिच्याकडं सरकवला.

"नुसताच?" पद्मजानं विचारलं.

वस्तादांनी डबा आणखी वीतभर पुढं ढकलला.

"पाच पाच तरी लावू?"

वस्तादांनी खिशातला मोबाईल वरनंच थोपटला.

"वस्ताद, पोरी यायची वेळ झाली आता."

"येऊ देत. त्यांचीच तालीम हाय."

"भिंतीवर माझा फोटो आहे हो."

"हाय की. ती काय खाली उतरून बघती व्हय?"

पद्मजानं फोटोकडं बघितलं नाही. हाताला पावडर लावली. उगीचच जास्त लावली, पुन्हा झटकली. बारजवळ गेली. पावलं आपोआप जागेवर बसली, पावलांना कुणी विचारलं नव्हतं.

ती वाकली... आणि हात बारपर्यंत पोचेचनात.

प्लेटा लावलेला बार जमिनीपासून वीतभर वर उभा असतो. नुसता बार जमिनीला टेकून पडतो. त्याला धरायचं तर जास्त वाकावं लागतं. चौदाव्या वर्षी ती अशी वाकली होती, त्यानंतर कधी वाकलीच नव्हती.

ती आणखी वाकली. गुडघे कुरकुरले. पाठ ताणली. बोटं लोखंडाला लागली.

लोखंड गार होतं. एवढ्या उन्हाच्या पत्र्याखाली ते गार कसं राहतं, देव जाणे. तिनं मूठ आवळली, आणि सात-आठ वर्षं टेबलाखाली रिकाम्या मिटणाऱ्या त्या मुठीत काहीतरी आलं.

तिनं उचललं.

अंगानं तयारी केली होती ब्याण्णवची, हाती आले पंधरा. बार उडालाच. खांद्यावर आला तो हनुवटीवर आपटता आपटता राहिला. तोल गेला, एक पाऊल मागं पडलं. सावरलं. नवी पोर सावरते तसंच, वेडंवाकडं.

वस्ताद हसले नाहीत.

तिनं श्वास घेतला. गुडघे जरा मोडले, आणि बार वर ढकलला.

दोन्ही हात सरळ झाले.

कोपर जागेवर राहिला.

ती उभी राहिली. गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता. शेंगदाण्याच्या पेंडीचा वास येत होता. डोक्यावर लोखंड होतं, खाली फळ्या होत्या, मध्ये ती. पापणी लवली. पुन्हा लवली. हात सरळच होते.

वस्ताद बाकड्यावर जाऊन बसले. हातांचं रॉकेल फडक्याला पुसू लागले.

बाहेर सायकली भिंतीला लागल्या. पोरींचा गलका दारापर्यंत आला आणि दारातच गपकन बंद झाला. पोरी बघत होत्या. भिंतीवरच्या फोटोतली ती बाई नुसता बार डोक्यावर धरून उभी होती.

पद्मजानं मान वळवली नाही.

दंड थरथरायला लागले. घामाचा एक ओघळ कानामागनं गळ्यात उतरला. दुसरा कुठनं उतरला, तो काही घामाचा नव्हता. पुसायला हात मोकळे नव्हते.

"वस्ताद..."

"हं."

"याला तर... याला तर काही वजनच नाही हो."

वस्तादांनी फडक्याची घडी घातली. मांडीवर ठेवली. तिच्याकडं बघितलं.

"मग खाली का ठेवत न्हाईस?"