खांडीत न टिकलेली पाटी

भाविकहो, निगमनाथ महाराजांचा मुक्काम त्या वर्षी खाडीकाठच्या धामणखार गावी होता. गावची सारी भातशेती समुद्राला मागे सारून मिळवलेली. मध्ये मातीचा लांब बांध आणि बांधात एक लाकडी दार. ओहोटीला ते उघडून पावसाचे पाणी खाडीत सोडायचे आणि भरतीआधी बंद करायचे. खारे पाणी एकदा आत शिरले की रान कित्येक वर्षे पिकाचे नाव घेत नाही.

बांधालगतचा खोलगट तुकडा चांगूबाईचा. एकटी विधवा बाई. रोज सकाळी नाम घेत ती बांधावर चिखलाची एक पाटी टाकी. गावचे पदाजी पाटील तिची टर उडवीत.

"चांगू, तुझ्या एका पाटीनं दर्या अडतोय होय?"

"माजी पाटी देवाच्या नावाची, पाटील. त्याची त्यो बघंल," ती हसून म्हणे.

भाद्रपदातल्या पुनवेला पाटलांकडे व्याही यायचे होते. व्याह्यांना जिताडा खाऊ घातला नाही तर पाटीलकीची शोभा ती काय राहिली! भरतीबरोबर मासा आत येतो, म्हणून पाटलांनी गुपचूप दार उचलून पाचर मारली आणि आत जाळे लावले. घटकाभराने बंद करू असे मनाशी म्हणाले आणि पाहुण्यांच्या सरबराईत साफ विसरले.

दुपारी उधाण चढले. दारातून घुसलेल्या पाण्याने कडेची माती खाल्ली आणि बांध फुटून खांड पडली. सारा गाव धावला, पाटीलही धावले, व्याहीही आले. गड्यांनी पाचर काढून दार खाली सोडले, पण पाणी आता खांडीतून येत होते. पाणी चांगूबाईच्या शेतात, लोंबी धरू लागलेल्या भातात शिरत होते. ती पाटीवर पाटी टाकत होती. महाराज स्वतः कंबरभर पाण्यात उतरून खांडीत उभे राहिले.

आणि काय नवल! चांगूबाईची पाटी जागच्या जागी बसे, गावकऱ्यांच्याही बसत. पाटलांची तेवढी विरघळून जाई. दुसरी टाकली, तीही गेली. बुजता बुजता एका पाटीएवढी फट राहिली आणि ती काही केल्या भरेना. पाटलांचे कान तापले. पाचर कोणी मारली हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण महाराज त्यांच्याकडे पाहत होते. त्या नजरेत राग नव्हता, म्हणूनच ती सोसवेना.

"पदाजी," महाराज हळूच म्हणाले, "ही जागा तुझ्या पाटीची आहे. अडलंय कशात?"

धरणीने पोटात घ्यावे असे पाटलांना झाले. "दार मी उघडं ठेवलं," ते पुटपुटले.

महाराज म्हणाले, "तिला ऐकू गेलं नाही."

पाटील वळले. व्याह्यांदेखत, मान खाली घालून, पण मोठ्याने म्हणाले, "चांगू, दार मी उघडं ठेवलं. जिताड्यासाठी. तुझं रान मी बुडवलं."

मग त्यांनी पाटी टाकली. ती बसली आणि पाणी थांबले.

महाराजांनी चांगूबाईच्या शेतातले ओंजळभर पाणी पाटलांपुढे धरले. "चाखून बघ." ते गोड होते! पाटील रडत महाराजांच्या पायांशी वाकले. महाराज बाजूला झाले.

"रान माझं नव्हतं बुडत, पदाजी."

पाटलांनी चांगूबाईच्या चिखलाने भरलेल्या पायांवर डोके ठेवले. तिलाच अवघडल्यासारखे झाले.

"उठा पाटील. वोहोटी लागली का पानी सोडाया हवं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर आली, तेव्हा पाटील डोक्यावर पाटी घेऊन आधीच उभे होते. तिच्याकडे बघायचा धीर मात्र त्यांना अजून होत नव्हता.